नांदुरकी पाडायचा खर्च

आत्याबाई, परसातली नांदुरकी पाडली. आधी तुमच्या कानावर घालायला हवं होतं, पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कुणाला विचारून काही करायची माझी सवयच मोडली. मागच्या वादळात तिची एक फांदी भाडेकऱ्याच्या खोलीचा पत्रा फोडून खाली आली, ती नेमकी खाटेवर. तो पिरंगुटला कंपनीत पाळीवर गेला होता म्हणून वाचला. बुंध्याला चीर गेली होती आणि सगळा भार खोल्यांच्या अंगावर. झाड ठेवणं शक्यच नव्हतं, असं मी स्वतःला रोज सांगते.

मला वाटलं होतं, कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येईल, दोन-तीन हजार घेईल आणि लाकूडही घेऊन जाईल. तुमच्या वेळी बांधावरचा साग तोडला तेव्हा नेणाऱ्यानंच तुमच्या हातावर पैसे ठेवले होते, तेच माझ्या डोक्यात. ह्यांनी चकरा मारून परवानगी आणली, ठेकेदार आला. त्यानं वर बघितलं, मग बराच वेळ खाली बघितलं आणि पस्तीस हजार म्हणाला. मी उखडलेच. "झाड पाडायचंय, घर न्हाई बांधायचं!" तो म्हणाला, "वैनी, मोकळ्या रानात आसतं तर सात-आठ हजारांत आडवं केलं आसतं. हितं खाली पत्रा हाय, वरनं तारा गेल्यात. दोर बांधून तुकडं तुकडं उतरवावं लागतंय. पैसं झाडाचं न्हाईत, झाडाखाली काय हाय त्याचं हायेत." लाकूड घे आणि कमी कर म्हटलं, तर हसला. "नांदुरकी कोण घेतंय? उलट ट्रॅक्टरनं टाकून यायचं येगळं, मुळं काढायची तर तेबी येगळं." शिवाय फाटक अरुंद, क्रेन आत यायची तर कंपाऊंडची भिंत फोडायची. ती भिंत मीच बांधून घेतलेली. कशासाठी बांधली, ते त्यानं विचारलं नाही म्हणून बरं.

तुम्हाला ती भिंत माहीत नाही. तुमच्या वेळी दर उन्हाळ्यात पलीकडच्या माळावरची धनगरीण नवऱ्याला आणि शेळ्यांना घेऊन यायची. तो वर चढून फांद्या उतरवायचा, ती पाल्याचे भारे बांधायची. तिच्या शेळ्यांना चारा, आपलं झाड हलकं, आणि पैशाचा विषयच निघायचा नाही. मी नवीन सून होते तेव्हाची गोष्ट. तिला चहा द्या म्हणालात, तर मी फळीवरून हुडकून कान तुटलेला कप काढला. तुम्ही तो तिच्या हातातून घेतलात, स्वतःचा कप तिला दिलात आणि तुटक्या कपातून तुम्ही प्यायलात. ती गेल्यावर चुलीकडं तोंड करून म्हणालात, "आपल्या दारात आलेलं माणूस हाय ते. परत आसं करू नगंस." मी दिवसभर धुमसत होते. एका कपाचं ते काय एवढं, असं मनात.

तुम्ही गेलात आणि आम्ही खोल्या काढल्या. भाडेकरी लेंड्यांची तक्रार करायला लागले. खरं म्हणजे त्यांच्याआधी मलाच ते नकोसं झालं होतं, त्यांचं निमित्त बरं सापडलं. भिंत घातली, फाटक बसवलं आणि तिला सांगितलं, "मावशी, आता आत येत जाऊ नका. भाडेकऱ्यांना त्रास होतोय." ती "बरं" म्हणाली. एवढंच. त्यानंतर झाडाला कोयता लागला नाही. ते वाटेल तसं वाढलं, एका अंगानं झुकलं, आणि मी आल्यागेल्याला सावली कशी गार पडते ते दाखवत राहिले.

परवा ते उतरवलं. परसभर पाला. ठेकेदार म्हणाला, हे उचलायला आणखी दोन खेपा, त्याचे पैसे आणखी. तेव्हा मला तिची आठवण झाली. बघा, कधी झाली ती. निरोप धाडला आणि ती आलीसुद्धा. थकलीय आता. नवरा गेला, शेळ्या चारच उरल्यात. क्रेनसाठी भिंत पाडलेली, सगळं सताड उघडं, विटांचा नुसता एक थर जमिनीत दिसतोय, आणि ती त्या थराच्या पलीकडं उभी आहे.

"पाला न्यायचा हाय न्हवं?"

"व्हय, सगळा न्या."

तिनं बुंध्याकडं बघितलं. "फांद्या उतरवल्या आसत्या तर ऱ्हायलं आसतं झाड. हाक मारायची व्हती की."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, ते मला जमतं. "आत या" म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही. कामावरच्या माणसांनीच भारे नेऊन तिच्यापुढं टाकले. मी चहा केला, त्या माणसांसाठी आणलेल्या कागदी कपात ओतला आणि भाडेकरणीच्या हातून पाठवला. ती उभ्या उभ्याच प्यायली. रिकामा कप तिनं चुरगळून पिशवीत ठेवला, आपल्या जागेत टाकला नाही.

घरातले कप घासलेले नव्हते, असं मी भाडेकरणीला सांगितलं. ओट्यावर सहा कप धुऊन उपडे घातलेले होते, आत्याबाई. लाज वाटली, पण ती बाई माळाच्या वाटेला लागल्यावर. भिंतीसाठी गवंडी उद्या येतोय, आणि त्याला नको म्हणून सांगायचं अजून माझ्याच्यानं झालेलं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही. तुम्हाला तर वाचताही येत नव्हतं. हे सगळं तिला सांगायचं आहे. तिचं घर आपल्या परसातून दिसतं, इथून हाक मारली तरी ऐकू जाईल. तुम्ही उलटून काही बोलणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.