खिडकीजवळच्या खुर्चीचा वारसा

मी, खाली सही करणारी, निवृत्त इतिहास शिक्षिका आणि कामगारांच्या सभांमधली जुनी वक्ता, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर दबाव आणणे कोणाला जमले का, ते कारखान्याच्या मालकांना विचारावे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते मी रागात लिहिले होते.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांचे, समसमान. मुलाला जन्मापासून चयापचयाचा आनुवंशिक आजार आहे. प्रथिने त्याच्या शरीराला झेपत नाहीत, रक्तात विष साठते. म्हणून त्याचे सगळे खाणे तोलून द्यावे लागते. सासूबाईंनी हा आजार आयुष्यभर माझ्या माहेरचा ठरवला. तपासणीत निम्मा दोष त्यांच्या मुलाकडून आल्याचे निघाले. तो हिस्सा परत घ्यायला आता त्या हयात नाहीत, म्हणून सोडून देते.

२. पुस्तके मुलीची. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ती भांडणे खोडू नयेत.

३. माझ्यानंतर मुलाचा सांभाळ मुलीने करावा, पण एकटीने नाही. हे कलम इतर सर्व कलमांच्या वर समजावे. कारण सांगते. रुग्णालयाच्या संशोधन विभागातली एक बाई, जिला माझा मुलगा प्रश्नताई म्हणतो, आमच्याकडे प्रश्नावली घेऊन आली. अशा रुग्णांना सांभाळणारे लोक आत्महत्येकडे कसे पाहतात, हा तिचा विषय.

"सांभाळणाऱ्या कोणी जीव दिला, तर तुम्हाला ते पटेल?"

"समजेल. पटणार नाही."

"बाई, इथे हो किंवा नाही, एवढंच आहे."

"मग तुमचा कागद अपुरा आहे."

"तुमच्या स्वतःच्या मनात कधी तसं..."

"आलं होतं. लिहा."

तिने लिहिले. पुढचे तिने विचारले नाही, म्हणून इथे लिहिते.

४. रुग्णालयात बसून राहणाऱ्या आम्हा पालकांचा एक रिवाज होता. ज्याला सोसेना, त्याने आपली पिशवी खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवायची. दुसऱ्या कोणीतरी त्याचे मूल सांभाळायला घ्यायचे. कारण विचारायचे नाही. मी पिशवी ठेवली तेव्हा आमच्यातलेच एक पालक, बस चालवणारे म्हणून बसवाले काका, उठले आणि माझ्या मुलाला आपल्या मुलीशेजारी बसवून दोघांचे खाणे तोलू लागले. मी बाहेरच्या बाकावर आडवी झाले. परत आले तेव्हा मुलगा जेवला होता आणि मला भूक लागली होती. रुग्णालयाने नव्या खुर्च्या आणल्या तेव्हा ही जुनी खुर्ची मी भंगारातून उचलून आणली. ती मुलीला देते. ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीच राहील.

५. माझा धाकटा भाऊ चारचौघांत कौतुकाने म्हणत आला, "ताई, तुझ्या जागी मी असतो तर कधीच जीव दिला असता." मरणे हे शहाणपण आणि जगणे हा पराक्रम, असे ऐकत माझी मुलगी मोठी झाली. हे वाक्य त्याने तिच्यासमोर पुन्हा उच्चारू नये. त्याला मी खाणे तोलायचा काटा देते. खुर्चीवर पिशवी दिसली की त्याने वर यावे आणि मुलीने बाहेर जावे. समोरच्या त्याच्या चष्म्याच्या दुकानातून खिडकी स्वच्छ दिसते. दिसत नसेल, तर उपाय त्याच्याच दुकानात आहे.

६. माझे यकृत संशोधन विभागाला. मुलाच्या आजारातला माझा निम्मा वाटा तिथेच आहे. तो नीट बघावा. बदल्यात प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवावा: तुम्ही आता इथे बोलत बसला आहात, तर तुमच्या माणसापाशी कोण आहे?

७. पाचव्या कलमाची आज परीक्षा घेतली. पिशवी खुर्चीवर ठेवली. गिऱ्हाईक तसेच बसवून भाऊ धापा टाकत वर आला.

"काय झालं, ताई?"

मुलाने काटा पुढे सरकवला.

"मामा, आधी शून्यावर आण."

त्याने आणला. मुलगी चपला घालून बाहेर पडली. तिच्या पाठीमागून भावाने पुन्हा विचारले, "पण झालं काय?"

कारण न विचारणे त्याला अजून शिकायचे आहे. तोवर हे मृत्युपत्र अमलात येऊ देण्याचा माझा विचार नाही.

साक्षीदार:
बसवाले काका (सही)
प्रश्नताई (सही, सही करतेवेळी तिचे तान्हे बाळ काकांच्या मुलीकडे होते.)

लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहत्या घरचे स्वयंपाकघर, खिडकीपाशी
दिनांक: ९ ऑक्टोबर