ऐन वैशाखातली रजा

साहेब, तुम्ही रजा घ्यायचात ती ऐन वैशाखात, आणि हे मला आजही कुणाला पटवून सांगता येत नाही. पाणीखात्याचा मुख्य माणूस भर उन्हाळ्यात पंधरा दिवस घरी बसतो म्हटलं की लोक हसतात. तेव्हाही हसायचेच. जायकवाडीचं पाणी अजून औरंगाबादला यायचं होतं, हर्सूलचा तलाव तळाला गेलेला असायचा, गुलमंडीपासून बेगमपुऱ्यापर्यंत जो तो आपल्या खात्याच्या नावानं बोटं मोडत असायचा, आणि तुम्ही शांतपणे रजेचा अर्ज लिहायला घ्यायचात. दिवाळीला नाही, थंडीत नाही. पाणी मुबलक असताना तुम्ही एक दिवस घरी राहिल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिघं ओव्हरसिअर. त्या पंधरा दिवसांचा चार्ज पाळीपाळीनं आमच्यातल्या एकाकडं यायचा. ऑफिसात कुजबुज असायची की म्हातारा चलाख आहे, शिव्या खायची वेळ आली की पोरांना पुढं करतो. खोटं कशाला बोलू, त्या कुजबुजीत मीही होतो.

तुमचं सगळंच आमच्या डोक्यावरून जायचं. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं, पोलीस ॲक्शननंतर मराठीत फायली लिहायला शिकलात, आणि शेरा मराठीत लिहून खाली सही मात्र शेवटपर्यंत उर्दूत केलीत. सोमवारी बैठक. आम्ही तिघं भांडायचो, एकमेकांवर ढकलायचो, तुम्ही ऐकत बसायचात आणि सगळ्यांचं झाल्यावर एकच विचारायचात, पुढच्या उन्हाळ्याचं काय. अहो, हाच उन्हाळा निघता निघत नव्हता आणि तुमचं आपलं पुढच्याचं! एकदा मी चिडून तसं बोललोही. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, आजचं पाणी मामू सोडतो, तू नसलास तरी सोडेल, तुला इथं ठेवलंय ते उद्याच्या पाण्यासाठी. मामू म्हणजे आपले सगळ्यांत जुने व्हॉल्व्हमन. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचे, आणि कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही. मला त्याचा भारी राग यायचा.

माझी पाळी आली तेव्हा नोकरीचं चौथं वर्ष होतं. देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याचा मुलगा, डिप्लोमा केलेला, घराण्यातला पहिला नोकरदार. अंगात मस्ती होती, दुसरं काय. चार्ज हातात आला त्याच दिवशी मी ठरवलं की हा अंदाधुंद कारभार बंद. मामू कुणाला वीस मिनिटं पाणी द्यायचे, कुणाला दोन तास. का, ते विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही. मी शहराचे भाग पाडले, प्रत्येकाला बरोबर एक तास, टाइप करून वेळापत्रक तयार केलं. कुणावर अन्याय नाही, कुणाचा वशिला नाही. स्वतःवरच खूश होऊन तो कागद तुम्हाला दाखवायला तुमच्या घरी आलो.

काकूंनी दार उघडलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेले, अंगात बनियन, पुढ्यात विळी, लोणच्याच्या कैऱ्या चिरताय. मला पाहून मान वर केलीत आणि गंभीरपणे म्हणालात, "साहेब रजेवर आहेत." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी रेटून कागद तुमच्यासमोर धरला. तुमची नजर एकेक ओळ खाली सरकते आहे, मी उभा राहून बघतो आहे, आणि टेकडीवरच्या वस्तीच्या ओळीला ती थांबते. विळीवरचा हातही थांबतो. मग तुम्ही विचारता, सही कुणाची. मी म्हणतो, माझी. "मग मी कशाला वाचू?" म्हणून तुम्ही पुढची कैरी उचलता. काकूंनी पन्हं दिलं, ते पिऊन मी उड्या मारत परत आलो. साहेबांना चूक सापडली नाही, एवढाच अर्थ मी काढला.

टेकडीवर तीन दिवस पाणी चढलं नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, लोक उगाच ओरडतात. त्याच सकाळी पाण्याचा एक टँकर टेकडीकडं निघालेला दिसला, तेव्हा मी कारकुनावर भडकलो, कुणाच्या हुकमानं? तो म्हणाला, आधीचा हुकूम आहे. आधीचा म्हणजे कुणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. टँकरनं प्यायची सोय झाली, पण बाकी सगळंच अडलेलं. तिसऱ्या दिवशी चाळीसेक बाया रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसात आल्या. मी आपला वेळापत्रक दाखवतोय, बघा तुम्हालाही एक तास आहे, सगळ्यांइतकाच. त्यातल्या एका म्हातारीनं घागर माझ्या टेबलावर, त्या टाइप केलेल्या कागदावर ठेवली. "लेकरा, तासभर नळ नुसता फुसफुस करतोय. पानी येतंय येतंय म्हणस्तोवर तू बंद करतूस. आमी काय वारं पिऊन ऱ्हावं व्हय?"

मी मामूंकडं बघितलं. ते दाराशी खाली मान घालून उभे. मग त्यांच्याबरोबर पाइपाच्या कडंकडंनं टेकडी चढलो, उन्हात, चार वर्षांत पहिल्यांदा. वर पाइप भरायलाच पाऊण तास लागतो हे तिथं कळलं. खालच्या पेठांत व्हॉल्व्ह उघडला की चौथ्या मिनिटाला धार. सगळ्यांना सारखा तास म्हणजे खालच्यांना हौद भरून पाणी आणि वरच्यांना वारं. मामूंची खालच्यांना वीस मिनिटं आणि वरच्यांना दोन तास ही वाटणी त्यासाठी होती. मी म्हटलं, मामू, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाही? ते म्हणाले, "पूछे कौन, साहब? तुम तो कागज लगा दिये."

दुसऱ्या दिवसापासून टेकडीला दोन तास केले आणि पेठांचा वेळ कापला. मग तिकडचे वजनदार लोक चालून आले. एकानं टेबलावर हात आपटून सांगितलं, तुझी बदली करतो. करा म्हटलं. टेकडी पाहून आलो होतो, त्यामुळं बोलायला काहीतरी होतं. त्यातल्या दोघांना घेऊन पुन्हा वर गेलो, पाण्याची वाट बघत पाऊण तास उभं केलं. ते बडबडत खाली उतरले, पण बदलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

सोळाव्या दिवशी तुम्ही आलात, आणि मी दम धरू शकलो नाही. व्हरांड्यातच गाठलं. तुम्हाला माहीत होतं, तुम्ही ती ओळ वाचली होती, तरी मला तोंडघशी पडू दिलंत, असं काय काय बोललो. आवाज चढला होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"वाचली होती," तुम्ही म्हणालात. "थांबवलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला असतास. तुझी काहीतरी चूक होणार, हे धरून टँकर मी रजेवर जायच्या आधीच सांगून ठेवला होता. कुठं पाठवायचा ते कागद पाहिल्यावर कळवलं. त्या बायांना त्रास झाला, त्याचं निम्मं पाप माझं, ते मी घेतो. पण मामूला विचारलं नाहीस, त्याला माझ्याकडं टँकर नाही."

बस्स, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मामूंना शहागंजात चहाला घेऊन गेलो, वही काढली, आणि ते सांगत गेले तसं लिहून घेतलं. दोन महिने लागले. ती वही घेऊन सोमवारच्या बैठकीत आलो तेव्हा तुम्ही ती चाळलीत आणि नेहमीचंच विचारलंत, पुढच्या उन्हाळ्याचं काय. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं उत्तर होतं. टेकडीवर टाकी बांधायची, मी म्हणालो. पुढं ती बांधली गेली, आणि वरपर्यंत भांडायला तुम्ही मला पाठवलंत, स्वतः नाही गेलात.

साहेब, मी पुढं तुमच्याच खुर्चीत बसलो. बाकीचे दोघंही दुसऱ्या शहरांत खात्यांचे प्रमुख झाले. एका लहानशा ऑफिसातून तीन माणसं अशी निघाली, ती काय आपोआप? तुम्ही आम्हाला घडवलंत, आणि हे तुम्ही जिवंत असताना एकदाही तोंडातून निघालं नाही माझ्या. तुम्ही गेलात तेव्हा काकूंना भेटायला आलो होतो. त्या म्हणाल्या, तुझ्या चार्जच्या त्या तीन दिवसांत यांना घास गेला नाही, रोज पहाटे उठून गच्चीवर जायचे, टेकडीकडं बघत उभे राहायचे. मला वाटायचं, तुम्ही मजेत कैऱ्या चिरताय. माणसाला चुकू द्यायचं आणि आपण गप्प बसून ते सोसायचं, हे कसं करायचात हो तुम्ही?

मला नाही जमलं. कबूल करतो. मी रजा घेतली ती डिसेंबरात. हाताखालच्या पोरांनी कागद आणला की लाल पेन्सिल काढायची आणि बाहेर जायच्या आतच सगळं दुरुस्त करून द्यायचं. माझ्या कारकिर्दीत चूक म्हणून झाली नाही, याचा निवृत्तीच्या दिवशी केवढा अभिमान! दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले. साहेब, अमुक व्हॉल्व्ह किती फिरवू, तमुक लाइन आधी का नंतर. बायको म्हणायची, तुम्ही काय शिकवलंत यांना? मी वरवर वैतागायचो. आतून बरं वाटायचं.

मामूंची वही तेवढी मी खात्याला देऊन आलो, बाकी काही नाही. आता तिथं एक मुलगी इंजिनिअर आली आहे. कन्नडकडची, आपल्याच बाजूची, शेतकऱ्याघरची. दोन वर्षं ती रोज फोन करायची, काका, हे कसं करू, ते कसं करू. गेल्या महिन्यापासून फोन बंद. मग परवा आमच्या कॉलनीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर तिचं नवं वेळापत्रक आलं. आमचा भाग उंचावर, टाकीच्या जेमतेम खाली, आणि तिनं खालचे भाग आधी घेऊन आम्हाला शेवटी ठेवलं होतं. मला एका नजरेत दिसलं, खालच्यांना देऊन टाकी उपसली जाणार, आमच्यापर्यंत पाणी पोचणार नाही. उंची न बघायची तीच माझी जुनी चूक. फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि ठेवून दिला.

बायको म्हणाली, सांगा की तिला. मी म्हणालो, चुकू दे, शिकेल, आमच्या साहेबांनी मलाही असंच शिकवलं. साहेब, तुमचं नाव घेतलं मी.

काल आमच्याकडं पाण्याची पाळी होती. ठरल्या वेळी नळाला धार आली, गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतकी जोरात. खाली आलेल्या लाइनमनला विचारलं, तर म्हणाला, मॅडम आठ दिवस आमच्यासंगं लाइन फिरत होत्या, खालचे व्हॉल्व्ह निम्मेच उघडायचं आमच्याशी बोलूनच ठरवलं. तिनं त्यांना विचारलं होतं. मला विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी तिला फोन केला, पाणी फार छान आलं म्हणालो. ती एवढी खूश झाली की मलाच कसंतरी झालं.

हे पत्र मी पाठवणार कुठं. पण तिला जे सांगितलं नाही ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुम्ही बाहेर बोलणार नाही. तुम्ही गप्प बसलात तेव्हा टेकडीवर टँकर उभा होता. मी गप्प बसलो तेव्हा कसलीच तयारी केली नव्हती. मी नळाजवळ कान लावून उभा होतो, पाणी येऊ नये म्हणून.