बसण्याआधी एक चक्कर

तीर्थरूप मोठ्या काकांना,

धाकट्या पुतण्याचा लांबून नमस्कार. लांबून म्हणजे तुमचा हात पोचणार नाही इतक्या लांबून, त्यामुळे या वेळी जरा निर्धास्तपणे वाकून केलाय. हे पत्र पोस्टानं न येता हातोहात आलंय, त्याचं कारण शेवटी सांगतो. तोवर एवढंच करा, पत्र उभ्याउभ्याच वाचा आणि पत्र आणणाऱ्याला पाणी द्या. (दोन ग्लास. माणूस मोठा आहे.)

काकूचा गुडघा कसा आहे? तुमची कंबर कशी आहे? (ती का दुखली हा विषय मी काढत नाही, तुम्हीही काढू नका.) आणि तुमची खुर्ची कशी आहे? भुवया वर नेऊ नका, खरंच विचारतोय. त्या दिवशी जमिनीवरून उठताना तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे कार्टं माणसात येईपर्यंत मी या खुर्चीत बसणार नाही." तुम्ही एकदा बोललात म्हणजे बोललात. मी निघालो तेव्हा ती खिडकीपाशी रिकामी होती, आणि परवा काकूनं फोनवर सांगितलं की अजून रिकामीच आहे, पायाखाली पुठ्ठा घालून उभी केलीय, आणि तुम्ही स्टुलावर बसून पेपर वाचता. स्टुलाला पाठ टेकायला काही नसतं, काका. मला कळतं ते. बाकी खुर्चीच्या पायाचा स्क्रू मी काढला नव्हता हे मी तेव्हाही शपथेवर सांगितलं होतं. असो.

मला इथं धाडायची कल्पना तुमचीच. तीन महिने परक्या गरम देशात, शाळेच्या दुरुस्तीचं फुकट काम, राहणं तिथल्याच एका घरात. माहितीपत्रकात लिहिलं होतं की स्वयंसेवकानं घरच्यांत पूर्ण मिसळायचं, ते उठतील तेव्हा उठायचं, ते खातील ते खायचं आणि ते बसतील तिथंच बसायचं. शेवटचं वाक्य पान उलटल्यावर होतं, आणि पान उलटण्याइतका मी कुठं एका जागी टिकतो! तिथंच सगळं फसलं. (मध्ये पाणी प्यायला उठलो होतो. परत बसलो. म्हणजे एक चक्कर मारून बसलो. का, ते येतंच आहे.) इथल्या उकाड्याचं काय सांगू, आंघोळ करून अंग पुसेपर्यंत माणूस परत भिजलेला असतो, त्यामुळे टॉवेल नक्की कुठलं पाणी पुसतोय हे टॉवेललाही कळत नाही. माझ्या मच्छरदाणीत एक डास कायमचा आत राहतो आणि मी बहुतेक वेळा बाहेर. छपराला एक पाल आहे, ती रोज त्याच जागी बसते. तुम्हाला आवडली असती.

तर, घर एका सुताराचं. मी त्यांना सुतारदादा म्हणतो. (हस्तांदोलन केलं तेव्हा माझा हात त्यांच्या पंजात असा गेला की परत मिळेल का, अशी शंका आली.) घरात ते, त्यांची बायको म्हणजे वहिनी, आणि त्यांची आई म्हणजे आजी. मला पोचवायला संस्थेच्या ताई आल्या होत्या, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करायला. प्रवास अठरा तासांचा, पाय सुजून बुटात मावेनात. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून एक बाक, आणि खिडकीपाशी हातांची एक छान लाकडी खुर्ची. घरची तिन्ही माणसं बाकावर चिकटून बसलेली, खुर्ची रिकामी. मी मनात म्हटलं, बघ रे, पाहुण्याची किती कदर! आणि दिलं अंग झोकून.

वहिनींच्या हातातला पेला तिरका झाला आणि पाणी जमिनीवर सांडत राहिलं, तरी कुणी पेला सरळ करेना. सुतारदादा उठून उभे राहिले. ते उभे राहिले की खोलीत उजेड कमी होतो. ताई माझ्या कानाशी येऊन इंग्रजीत काहीतरी कुजबुजल्या. माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे, पण 'फादर' आणि 'डेड' एवढं कळलं आणि तेवढं पुरलं. सुतारदादांच्या वडिलांची खुर्ची. ते जाऊन दोन वर्षं झालेली. तेव्हापासून तिच्यात कुणीही बसलेलं नव्हतं, आणि मी बुटांसकट पाय लांब करून बसलो होतो.

मी असा उडालो की खुर्चीच दचकली असेल. सरळ 'चुकलो' म्हणायचं होतं, पण तो शब्द माझ्या तोंडातून पहिल्या फटक्यात कधी निघालाय? त्याऐवजी पाय निघाले. दाराकडे जायला म्हणून मी खुर्चीच्या मागून वळसा घातला, तर समोर सुतारदादा. म्हणून तसाच पुढे आलो आणि होतो तिथंच येऊन उभा राहिलो. झाली की एक चक्कर पूर्ण! ताईंनी विचारलं, "हे काय चाललंय?" आणि मी मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सांगून टाकलं की आमच्याकडे हे असंच असतं. मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसायचं तर आधी तिला एक चक्कर मारायची, पाठीला हात लावायचा, मनात परवानगी मागायची आणि मग बसायचं. प्रवासाच्या शिणात आधी विसरलो, आता केलं. खोटं बोलायला मला अर्धा सेकंद लागला. (खरं बोलायला किती वेळ लागतो, ते अजून मोजतोय.) ताईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं, बहुतेक माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत.

मग आजी उठल्या. माझ्याकडे आल्या. मी सवयीनं डोळे मिटले आणि गाल बाजूला केला. काहीच लागलं नाही म्हणून एक डोळा उघडला, तर आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हळूहळू चक्कर मारत होत्या. ओठ हलत होते. चक्कर संपली, आणि त्या खुर्चीत बसल्या. टेकून. दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवून. सुतारदादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्यांचे एवढाले खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसतायत. नव्हते हसत. ताईंनी नंतर सांगितलं की दोन वर्षं आजी समोरच्या बाकावर बसून त्या खुर्चीकडे बघत होत्या. कुणाला देऊ देत नव्हत्या, कुणाला बसू देत नव्हत्या, स्वतःही बसत नव्हत्या. बसायला हवं होतं त्यांना. कसं बसायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकायचं मी नक्की ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली, आणि आजींनी तिला चक्कर मारायला लावून मग बसवलं. ती गेली तिच्या घरी. संध्याकाळपर्यंत गल्ली फिरत होती. आठवड्याच्या आत शिंप्याच्या दुकानात शिंपी शिलाई मशीनच्या स्टुलाभोवती फिरायला लागला. न्हाव्याकडे गिऱ्हाइकं गळ्यात फडकं बांधून फिरतात. बसच्या ड्रायव्हरला सीटभोवती फिरायला जागा नाही, म्हणून तो अख्ख्या बसभोवती फिरतो आणि मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवतात. शाळेत तर विचारू नका. ज्या वर्गाचे बाक मी आणि सुतारदादा दुरुस्त करतो, त्या वर्गातली चाळीस पोरं एकाच वेळी आपापल्या बाकाला चक्कर मारायला निघाली, निम्मी डावीकडून, निम्मी उजवीकडून. दोघांची टाळकी आपटली, एकाचा डबा सांडला, आणि सगळी बसेपर्यंत तास संपल्याची घंटा झाली. मुख्याध्यापक लाल होऊन बाहेर आले. मला वाटलं, सुटलो, आता हे बंद करणार. त्यांनी फर्मान काढलं की उद्यापासून चक्कर फक्त शिक्षकांच्या खुर्चीला, आणि तीही रांगेत. मग स्वतः आत जाऊन आपल्या खुर्चीला एक मारून बसले.

म्हणजे बघा, या लोकांत मी मिसळायचं होतं, ते सगळे माझ्यात मिसळून बसले. आणि मला मात्र सुटका नाही. तुम्ही म्हणायचात ना, याच्या पायाला भिंगरी आहे, याला एका जागी बसता येत नाही? आता यायला लागलंय, काका, पण बसू देत नाहीत. जेवायला बसायचं, चक्कर. बूट घालायला टेकायचं, चक्कर. कुठंही बूड टेकलं की दहा डोळे माझ्याकडे, कारण अस्सल पद्धत माझ्याकडूनच शिकायची असते ना! एकदा विसरलो तर आजींनी नुसतं बघितलं. मी उठून दोन मारल्या, एक दंडाची. कुणी जरा हसून बघितलं की वाटतं, कळलं वाटतं यांना.

शेवटी ताईंना एकट्यांना गाठून खरं सांगितलं. त्यांनी त्यांची वही काढून दाखवली. त्यात 'स्वयंसेवकाच्या देशातील एक सुंदर रीत' म्हणून अख्खं पान होतं, खुर्चीचं चित्र आणि भोवती बाण. मी म्हटलं, ताई, ते पान फाडा, सगळी थाप आहे, मी घाबरलो होतो. त्या मटकन खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "आजींना तू सांगणार की मी सांगू?" मग ताईच उठल्या, खुर्चीला एक चक्कर मारली आणि परत बसल्या.

काम चांगलं चाललंय. सुतारदादा बोलून शिकवत नाहीत. मी चुकलो की माझ्या हातातलं हत्यार काढून घेतात, स्वतः एकदा करून दाखवतात आणि परत देतात. पहिल्या आठवड्यात हत्यार बहुतेक त्यांच्याच हातात असायचं, आता बहुतेक माझ्या. रंधा सरळ चालतो. सांधा असा बसतो की नखही जात नाही. एकतीस बाक झाले, त्यातला एकही डुगडुगत नाही. मोडायला शिकायला मला कुणी लागलं नव्हतं, काका. जोडणं मात्र पहिल्यांदाच कुणीतरी शिकवलं. आजी रोज दुपारी त्या खुर्चीत बसून भाजी निवडतात आणि खिडकीतून आमच्यावर ओरडतात. वहिनी म्हणतात, दोन वर्षांत त्या कुणावर ओरडल्याच नव्हत्या.

बाकी सगळं ठीक. काकूला नमस्कार. मी गेल्यावर गल्लीत ज्यांनी ज्यांनी सुटकेचा श्वास सोडला त्यांनाही नमस्कार, आणि तो श्वास परत घेऊन ठेवा म्हणावं, मी पुढच्या महिन्यात येतोय.

तुमचा, अर्धामुर्धा माणसात आलेला,
धाकटा पुतण्या

ता. क. संस्थेची एक अदलाबदल असते. स्वयंसेवक ज्या घरी राहतो, त्या घरचा एक माणूस पंधरा दिवस स्वयंसेवकाच्या घरी राहायला जातो. फॉर्मवर मी आपल्या घराचा पत्ता दिला होता, मला वाटलं कोण येतंय. आजी म्हणाल्या, ज्या घरातून ही रीत आली ते घर माझ्या मुलानं बघून यायलाच हवं. तर काका, हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं आणि जे आत्ता तुमच्यासमोर उभे आहेत, ते सुतारदादा. घरचं थोरलं माणूस चक्कर मारून बसल्याशिवाय ते बसणार नाहीत. पत्र जरा लांबलंय, त्यांचे पाय दुखत असतील. त्यांना मराठी येत नाही, पण तुमचा चेहरा जगात कुणालाही वाचता येतो, म्हणून कृपा करून आत्ता हसा. मग तुमच्या खुर्चीला एक चक्कर मारा, पाठीला हात लावा आणि ओठ हलवा. (मला शिव्या दिल्यात तरी चालेल, लांबून सारखंच दिसतं.) काकूनंही मारायची. गुडघा दुखत असेल तर अर्धी चालते, आजींना मी तशी सवलत दिलीय. गल्लीतल्यांना तुम्हीच सांगून ठेवा. तुमचा शब्द मोडतोय असं समजू नका, मी माणसात आलो की नाही ते मी आल्यावर बघू. हे आजींसाठी. सुतारदादा घरी परत जाऊन 'तिथं असलं काही नाही' म्हणाले, तर त्या परत बाकावर जाऊन बसतील.

ता. क. २. थांबा, बसू नका! मागचा डावा पाय! सुतारदादांच्या खिशात एक काडेपेटी आहे, तिच्यात तुमच्या खुर्चीचा स्क्रू आहे. त्या दिवसापासून माझ्याकडेच होता. टाकवेना, आणि द्यायचं धाडस होईना. इथपर्यंत घेऊन आलो. ज्या कागदात गुंडाळलाय त्यावर एक शब्द लिहिलाय, तो नंतर एकट्यानं वाचा. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी सोबत आणलाय. मी त्यांना सांगून ठेवलंय की आमच्याकडे आलेला पाहुणा सगळ्यात आधी घरधन्याच्या खुर्चीचा मागचा डावा पाय घट्ट करून देतो. ही आपली फार जुनी रीत आहे, काका, तेवढं सांभाळून घ्या.