अकरा दिवसांची बटणं

३ फेब्रुवारी, सोमवार

चौसष्ट प्रश्न! एवढे तर मुलगी देताना सासरेबुवांनीही विचारले नव्हते.

निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. आता कंपनीने आठवड्यातून दोन दिवस पुन्हा बोलावलंय. आम्ही शर्ट शिवतो, पण बटणं, दोरे, खोकी बाहेरून घेतो. आता आमचे शर्ट घेणारे विचारू लागलेत, की ही बटणं करणारी माणसं कशी राहतात, कसल्या हवेत श्वास घेतात, किती तास बसतात. म्हणून हा तक्ता. प्रत्येक पुरवठादाराकडे जायचं आणि खुणा करायच्या.

"सर, आम्हाला ते फाटकातूनच परत पाठवतात. तुम्हाला दार उघडतात." – इति बाईसाहेब. पुरवठादार विभागाच्या प्रमुख. माझ्या सुनेहून लहान, पण चेहऱ्यावर सदा परीक्षेचा आदला दिवस.

यादीत पहिलं नाव लांब्याचं. शिंपल्याची बटणं करतो. शाळेत आम्ही एका बाकावर. कविता म्हणायची वेळ आली की हा माझ्या पाठीमागे लपायचा – एवढा उंच असून!

४ फेब्रुवारी, मंगळवार

लांब्याला फोन केला, परवा येतो म्हणून. न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं मला या जन्मात जमलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय दिवस होता! लांब्याने दारातूनच हाक मारली, "या कवीराज! तपासायला आलात की यमक जुळवायला?" गुडघे गेलेत त्याचे, आवाज तोच.

आत एका ओळीत बारा चाकं. शिंपल्याच्या गोल चकत्या चाकावर घासतात, मग भोकं, मग पॉलिश. प्रत्येक चाकावर नळीतून पाण्याची बारीक धार, म्हणजे भुकटी उडत नाही. सगळ्यांच्या तोंडावर पांढरे मास्क. फरशी धुतलेली. मी मूठभर बटणं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली – गुलाबी, हिरवट, दुधी. चौथीच्या पुस्तकातली समुद्राची कविता ओठांवर आली. मास्तर ती म्हणताना डोळे मिटायचे. मीही मिटले.

"झोपलास काय रे?" लांब्या.

शेवटच्या चाकावर मावशी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण अख्ख्या कारखान्याची मावशी. तेवीस वर्षं त्याच स्टुलावर. लेक नर्सिंगला आहे, अजून दोन वर्षं राहिलीत, हे सांगताना तिचा हात चाकावरून हलला नाही. मध्ये खोकली. मास्क खाली ओढून म्हणाली, "साहेब, तुम्ही रोज येत जा. बरं वाटतं."

मी आपला खूश. चौसष्टपैकी एकसष्ट खुणा केल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा घेता घेता कप हातातच राहिला. रोज येत जा. बरं वाटतं.

माझ्या येण्याने कुणाला कसलं बरं वाटणार? मी कोण लागून गेलो? बरं वाटलं ते पाण्याने. पाणी माझ्यासाठी सोडलं होतं. मास्कवर घडीच्या उभ्या रेषा होत्या – आत्ताच पाकिटातून काढल्यासारख्या. त्या मी पाहिल्या होत्या! आणि डोळे मिटून कविता म्हणत होतो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, चहा गार झाला. कुठे हरवलात?"

सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज फोन न करता गेलो. फाटकाशी पाय अडखळला. चोरासारखं वाटलं.

आत सगळं पांढरं. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात ती भुकटी तरंगत होती. लाज वाटते लिहायला, पण खोटं कशाला लिहू – पहिल्या क्षणी मला ते सुंदर वाटलं. धुक्यातली पहाट वगैरे. मग त्या धुक्यातून खोकला ऐकू आला. एकीचा नाही, चार-पाच जणींचा, आळीपाळीने. मावशीच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. पाण्याच्या नळ्या गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या.

लांब्या धावत आला. तो कधी माझ्याशी असं बोलला नव्हता.

"सांगून यायचं सोडलंस काय रे? आता आमच्याकडे धाडी घालणार?"

"पाणी का बंद आहे?"

"पाणी लावलं की चकत्या भिजतात. भिजल्या की वाळवायला आठ-नऊ दिवस. ओल्या चकतीला पॉलिश धरत नाही. आणि तुमची कंपनी मला देते किती? अकरा दिवस! अकरात कापू, वाळवू, की बसून तुझ्यासारखी गाणी म्हणू?"

"अकरा कुणी केले?"

तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

"घरी जाऊन आठव," म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठवायची गरजच पडली नाही. जुनी फाईल मागवली. सव्वीस वर्षांपूर्वीचं पत्र. "बटणांचा पुरवठा वीस दिवसांऐवजी अकरा दिवसांत व्हावा, अन्यथा अन्य पुरवठादाराचा विचार करावा लागेल." खाली माझी सही. तेव्हा मी खरेदीप्रमुख होतो. त्या वर्षी समारंभात माझा सत्कार झाला, आणि भाषणात मी स्वतःच्याच दोन ओळी म्हटल्या होत्या. वेगाला वाऱ्याची उपमा. टाळ्या पडल्या होत्या.

मावशी या कामाला लागली त्याच्या आधीच पाणी बंद झालेलं. म्हणजे तेवीस वर्षांत तिने ओलं चाक पाहिलं ते फक्त तपासणीच्या दिवशी.

लांब्याने तेव्हा एक अक्षर काढलं नाही. मित्र होता ना. मित्रानेच मान पिरगाळली तर ओरडायचं कुणाकडे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, हे असंच वर गेलं तर काय होईल माहितीये? गेल्या वर्षी दोन पुरवठादारांचं असंच निघालं. एका सकाळीत यादीतून बाहेर. आपण स्वच्छ! आणि तिथली माणसं? कुणी विचारलंसुद्धा नाही."

"मग लिहू नको?"

"न लिहाल तर त्या बायका खोकत राहतील."

लिहिलं तर लांब्याचा कारखाना बंद, चाळीस जणांची चूल बंद. नाही लिहिलं तर छातीत शिंपले साठत जाणार. मला मावशीची छातीही वाचवायची आहे आणि तिचं स्टूलही. दोन्ही. यात तडजोड नाही.

मग म्हटलं, "दोष लांब्याचा नाही, अकरा दिवसांचा आहे, असं लिहितो. पत्र जोडतो."

"तुमची सही आहे त्यावर."

"म्हणूनच तर."

त्या बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसल्या. "सर," म्हणाल्या, "माझं पण नाव घाला खाली."

परीक्षा बहुतेक हीच होती पोरीची.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहितोय. चारदा फाडलं. प्रत्येक वेळी पहिल्या परिच्छेदात स्वतःलाच माफ करून टाकतो!

२४ फेब्रुवारी, सोमवार

अहवाल दिला. यादीतून काढू नये. पुरवठ्याला पुन्हा वीस दिवस द्यावेत. चाकांवर पाणी कायम असावं आणि तपासणी न सांगता व्हावी. सर्व कामगारांची छाती तपासावी; ज्यांच्या फुप्फुसावर डाग आढळेल त्यांना यापुढे चाकावर बसवू नये.

हे शेवटचं कलम लिहायला दीड दिवस लागला. चांगलं उतरलं. सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, या खेपेला यमक नाही, पण पटलं."

३ मार्च, सोमवार

काही कळलं नाही. बाईसाहेब दोनदा वर जाऊन आल्या. विचारायची छाती झाली नाही.

लांब्या फोन उचलत नाही.

११ मार्च, मंगळवार

मान्य! सगळंच्या सगळं मान्य! बाईसाहेब कागद घेऊनच आल्या. वर कुणी तरी म्हणालं म्हणे, "म्हाताऱ्याने स्वतःचंच पत्र जोडलंय, आता आपण काय बोलणार?"

लांब्याकडे जाऊन कागद दिला. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला. "वीस," म्हणाला. नंतर, "तू एवढा शहाणा कधी झालास?" आणि मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरत बसला. आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसलो. बाकावर बसायचो तसे.

२० मार्च, गुरुवार

न सांगता गेलो. बाराही चाकांवर पाणी! धूळ नाही. उन्हाचा पट्टा नुसताच पडलेला, रिकामा. मावशीच्या भुवया काळ्या आहेत हे आज कळलं.

"साहेब, हात गारठतात हो," म्हणाली. पण हसली. "परवा लेकीने विचारलं, आई, आज खोकली नाहीस? रात्रभर ऐकत होती वाटतं."

छाती तपासायची गाडी उद्या येणार. मावशी म्हणाली, सगळ्यात आधी मी जाणार. लेक नर्स होणार म्हटल्यावर मी घाबरून कसं चालेल?

येताना जुनी कविता आठवत होतो. दुसरं कडवं काही केल्या आठवेना. राहू दे.

२७ मार्च, गुरुवार

निकाल आले. चाळीसातल्या एकीच्याच फुप्फुसावर डाग.

लांब्याने फोनवर नियम वाचून दाखवला, माझाच, शब्दन्‌शब्द. "दुसरं काम कुठून आणू रे? भोकं पाडायला, निवडायला नजर लागते. तिची गेलीय, हे तुलाही दिसलं असेल." मला दिसलं नव्हतं.

मावशी दुपारीच घरी गेली. स्टूल तिचं स्वतःचं होतं. ते घेऊन गेली.