मामांचा काढा

मंगळवार, बोईसर

मामांचा तो प्रश्न संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही.

आज मामींच्या केमोआधी डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "आमच्या औषधांशिवाय आणखी काही घेता का?" मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनीच पिशवीतून बाटली काढली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. दातिवऱ्याच्या घरून पार डोंगरात जाऊन ते कुठल्याशा झाडाची साल आणतात आणि स्वतः काढा उकळतात. मला पत्ताच नव्हता!

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, झाडांत गुण असतातच. काकूंच्या सलाईनमधलं एक औषध मुळात सदाफुलीतूनच मिळालंय. पण ते शुद्ध करून, मोजून देतो. या काढ्यामुळे आमचं औषध अंगात साठलं तर जिवावर बेतेल."

"सदाफुली आमच्या दारात हाय. ती उकळू?"

"अजिबात नको. ती तशीच घेतली तर विषारी असते."

मामा तो लुगड्याचा तुकडा नुसता चुरगाळत राहिले. मग म्हणाले, "मंग मी हिच्यासाटी काय करू?"

बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

मामीच हळूच बोलल्या, "काड्यानं बरं वाटतं म्हनून नाय पीत मी. पिऊन होईस्तवर तुमी जवळ बसता, म्हनून पिते."

मामांनी बाटली बाईंच्या टेबलावर ठेवली. सलाईन संपेपर्यंत ते मामींच्या खाटेजवळून हलले नाहीत. मी चहाला बोलवायला गेले, तर हातानेच नको म्हणाले. दुसरा हात मामींच्या हातात होता.