आरशाचे घर आणि वडिलांची खाट

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम विभाग.

विषय : मोठ्या दुर्बिणीचा आरसा माझ्या बैठकीच्या खोलीतून त्याच्या स्वतःच्या घरी हलवण्याबाबत.

संदर्भ : असा कोणताही आरसा माझ्या घरी नसल्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार वेधशाळेत भांडारपाल असून आवारातील निवासस्थानात सहकुटुंब राहतो. सविनय निवेदन की,

१. दुर्बिणीची इमारत अर्धवट असतानाच तिचा आरसा येऊन ठेपला. भांडाराचे छत गळके, म्हणून "चार दिवसांचा तर प्रश्न आहे" असे सांगून संचालक महोदयांनी तो माझ्याकडे ठेवण्यास फर्मावले. पेटी दारातून जाईना. तेव्हा पुढची भिंत पाडून पेटी आत घेतली आणि भिंत पुन्हा बांधली. वडिलांची खिडकीजवळची खाट व्हरांड्यात गेली व वडील माझ्या थोरल्या बहिणीकडे गेले. त्या चार दिवसांचे आता दुसरे वर्ष चालू आहे.

२. आरशास धूळ, धूर व ओल वर्ज्य आहे. सबब घरात झाडू नाही, तळण नाही, ओला टॉवेल नाही. मुलगी शिंक आली की अंगणात पळते. पत्नीचे म्हणणे, "सवत परवडली, ती निदान बाजूला तरी सरकते."

३. आता इमारत उभी आहे. आरसा आत नेण्यासाठी तिच्या भिंतीत मोठी मोकळी जागा राखली होती, आरसा आत गेल्यावर ती बुजवायची होती. परंतु उद्घाटनाची तारीख ठरली, भगदाड फोटोत वाईट दिसेल असे कोणाच्या तरी मनात आले आणि ते बुजवून त्यावर संगमरवरी फलक बसवला गेला. शेजारी माणसापुरते दार आहे. वरून सोडावा, तर घुमट बसवून क्रेन केव्हाच परत गेली. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. आता भिंत फोडायची तर फलक फुटतो आणि फलकावर, क्षमा असावी, आपले नाव आहे.

४. याबाबत विनंती केली असता आपण कळवलेत की, इमारत "यंत्रासह पूर्ण" अशी नोंद असल्याने आरसा इमारतीतच आहे; अर्जदाराच्या घरी एखादी पेटी असल्यास ती त्याची खासगी बाब समजावी. महोदय, ही खासगी बाब तपासायला संचालक महोदयांची माणसे ओल मोजण्याचे यंत्र घेऊन माझ्या घरी येतात, चपला बाहेर काढतात आणि आरशावर ओरखडा उठल्यास मला जबाबदार धरण्यात येईल असे बजावून जातात. नसलेल्या आरशावर ओरखडा कसा उठेल, हे विचारायची माझी छाती होत नाही. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी माझी गत आहे.

५. वडिलांचे हृदय आता थकले आहे. डॉक्टर म्हणाले, "आता यांना हवे तिथे ठेवा." त्यांना त्यांच्या खिडकीजवळ यायचे आहे. ते रोज फोनवर विचारतात, "गेला का रे तुझा पाहुणा?" मी रोज म्हणतो, "उद्या जाईल, बाबा." मला आता हे खोटे बोलवत नाही.

६. तरी कृपा करून आरसा हलवावा. ते शक्य नसल्यास तो माझ्या घरी आहे, एवढे तरी लेखी मान्य करावे. तेही नियमात बसत नसल्यास दुर्बिणीचे रिकामे घर आम्हास राहण्यासाठी द्यावे. खाट त्या छोट्या दारातून जाते, मी मोजून पाहिले आहे. घुमटाची फट उघडते असे सांगितल्यावर वडील म्हणाले, "मग बरंच की. पडल्या पडल्या आभाळ दिसेल." खिडकी सोडायलाही ते तयार झाले आहेत.

७. हा अर्ज पुरा करीत असतानाच बहिणीचा फोन आला. वडील कोणाचेच ऐकेनात. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला असून ते गाडीत बसले आहेत. संध्याकाळपर्यंत पोहोचतील.

बाकी विनंत्यांचा निर्णय सवडीने व्हावा. खाट कुठे टाकू, तेवढे मात्र आज कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
भांडारपाल, वेधशाळा
दिनांक : आजचाच

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. खाटेची मापे.