मान खाली घातलेल्या तबकड्या

१८ जुलै, सोमवार
अग्निशमन दलाचे होबर्टकाका आले होते. दारातच हातातली टोपी चुरगाळत उभे. यंदाच्या नेमबाजीच्या मेळाव्याला निशाणं विकतचीच आणावीत असं दलाच्या लोकांचं म्हणणं आहे म्हणे. गेल्या वर्षी डॅडींनी बनवलेल्या निशाणाच्या तबकडीवरून गोळीच्या शिशाचा तुकडा उलटला आणि काकांच्याच गालात घुसला होता.
डॅडी म्हणाले, "बरं." एवढंच. वीस वर्षं या खोऱ्यात निशाणं म्हणजे व्हर्लिन स्टिडमची, माझ्या डॅडींची!
मीच मध्ये पडले. मेळाव्याच्या दिवशी, तीन सप्टेंबरला, नव्या तबकड्या उभ्या करतो, आधी तुम्ही तपासा, मग ठरवा. काका हसले. इंजिनिअरबाई म्हणतात तर बघू, म्हणाले.
घरातली पहिली पदवी – तिचा उपयोग इथे नाही तर कुठे करायचा?

१९ जुलै
जुनी तबकडी पाहिली. साधं लोखंड. नुसते खड्डे. गोळी खड्ड्यात शिरते, वळते, आणि आली तशी परत. चूक तुमची नाही, लोखंडाची, असं डॅडींना सांगितलं.
"लोखंड मीच निवडलं होतं," म्हणाले.

३० जुलै, शनिवार
कडक पोलादाच्या सहा तबकड्या आल्या! प्रचंड दाबाच्या पाण्याच्या धारेने कापून घेतल्या, बोल्टच्या भोकांसकट. आच लागली की हे पोलाद तिथे मऊ पडतं, मग पुन्हा खड्डे. म्हणून चार पानं सूचना लिहून वर्कशॉपच्या भिंतीवर लावल्या. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत – वेल्डिंग नको.
डॅडी पानांसमोर बराच वेळ उभे होते. "छान अक्षर आहे तुझं."

६ ऑगस्ट
गावातून परत आले तर एका तबकडीच्या पाठीला कडी वेल्ड केलेली. काय सुरेख टाका! आणि तबकडी वाया.
मी ओरडले. पहिलीच ओळ होती, वाचली नाहीत का? डॅडींनी तोंडावरचा मुखवटा काढून खुंटीला लावला आणि कुत्र्याला घेऊन ओढ्याकडे निघून गेले.
मम्मी भांडी घासत होती. मागे न वळता म्हणाली, "तुझे डॅडी तिसरीत होते तेव्हा त्यांचे वडील खाणीत वारले. मग कसली शाळा? आणि तू चार पानं लावतेस."
बावीस वर्षं मला कळलं नाही! चष्मा सापडत नाही म्हणून माझं प्रगतिपुस्तक मलाच वाचायला लावायचे. मला वाटायचं, माझ्या तोंडून ऐकायला आवडतं त्यांना.

७ ऑगस्ट
माफी मागायला गेले. त्यांनी बोलूच दिलं नाही. खडू पुढे केला – "चित्र काढ."
फरशीवर काढलं. तबकडी टांगायच्या घोडीचे चारही पाय लोखंडी दाखवले होते मी. त्यांनी पायाच्या अंगठ्याने पुसून टाकले. पाय लाकडाचे हवेत, नुसत्या खोबण्या लोखंडी. चुकार गोळी लाकडात जिरते, आणि पाय मोडला तर दुसरा खोचायचा! कॉलेजच्या चार वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही.
भिंतीवरची पानं काढली. त्यातलं पहिलं त्यांनी मागून घेतलं. कशाला ते मी विचारलं नाही.

१३ ऑगस्ट
तबकड्या साखळीला नाही, आगीच्या बंबाच्या जुन्या रबरी पाइपच्या पट्ट्यांना टांगल्या. पाइप होबर्टकाकांनीच दिला, फुकट. बोल्टमागे स्प्रिंग घातली की तबकडी पुढे झुकते आणि शिसं सरळ जमिनीवर. डॅडी म्हणतात, चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखी मान खाली हवी. हसून हसून माझ्या हातातला पाना पडला.

२१ ऑगस्ट
पाचही घोड्या तयार. तबकड्यांच्या पाठी डॅडी एकटेच रंगवणार म्हणे. मला वर्कशॉपबाहेर काढलंय! आत शीळ चालू आहे.

३ सप्टेंबर, शनिवार
आधी परीक्षा. काकांनी तबकड्यांच्या पुढे, दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर वर्तमानपत्रं ताणून बांधली. उलटं काही आलं तर कागद फाटणार. पहिली गोळी काकांचीच. टण्ण्! समोरच्या डोंगरावर जाऊन आवाज परत आला. पन्नास गोळ्या झाल्या. काका प्रत्येक कागद उन्हात धरून बघत होते, दुसरा हात गालावरच्या व्रणावर. एकही भोक नाही!
"व्हर्लिन," म्हणाले, "पुढच्या वर्षी सहावी पण लागेल."
मग दिवसभर टण्ण्, टण्ण्! डॅडींनी घेवडा आणि मक्याचा पाव तीनदा घेतला. कुणीतरी विचारलं, लेकीने काय केलं यात? डॅडी सावकाश घास गिळून म्हणाले, "वेल्डिंग मला येतं. कुठे करायचं नाही, ते तिला येतं."

४ सप्टेंबर
तबकड्या उतरवल्या. पहिली उलटी केली तर पाठीवर पांढऱ्या रंगात दोन शब्द – वेल्डिंग नको. एक अक्षर आरशातल्यासारखं उलटं, दोन गळलेली. दुसरीवर तेच शब्द, एकच गळलेलं. तिसरी. चौथी.
पाचवीवर सगळी अक्षरं सरळ.